मदत हवी आहे : कारखान्याच्या मेंटेनन्स विभागासाठी विकी कसा सुरू करावा?

नमस्कार,

भोसरी एमआयडीसीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी मेंटेनन्स विभागाचे काम पाहतो. तिन्ही पाळ्या धरून आम्ही बारा-तेरा जण आहोत. सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ, व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे मशिनिंग सेंटर), हायड्रॉलिक प्रेस आणि स्क्रू कॉम्प्रेसर ही आमची मुख्य यंत्रे. त्यांच्याविषयी आम्हाला जे ठाऊक आहे, ते ब्रेकडाउन रजिस्टरात, कोणाच्या तरी खिशातल्या डायरीत, व्हॉट्सॅप ग्रुपवर आणि सर्वांत जास्त आमच्या दोन ज्येष्ठ फिटरांच्या डोक्यात आहे. त्यांपैकी एक काका पुढील वर्षी निवृत्त होत आहेत.

रजिस्टरात 'बेल्ट बदलला, मशिन चालू' एवढीच नोंद असते. तोच बेल्ट वारंवार का तुटतो, पुली कोणत्या बाजूला सरकते आणि ती बसवताना काय पाहावे लागते, हे काका सांगतात तेव्हाच कळते. मध्यंतरी एका लेथवर एन्कोडरची (अक्षाची स्थिती मोजणाऱ्या भागाची) बॅटरी उतरल्याचा इशारा आला. आमच्या यंत्रांवर ही बॅटरी कंट्रोलरचा वीजपुरवठा चालू असतानाच बदलावी लागते, नाहीतर यंत्राचा शून्यबिंदू हरवतो. रात्रपाळीतील नव्या मुलाने मात्र त्याला शिकवलेल्या सुरक्षेच्या सवयीप्रमाणे आधी मेन स्विच बंद केला आणि सगळे अक्ष पुन्हा संदर्भाला लावेपर्यंत यंत्र उभे राहिले. त्या मुलाला मी दोष देणार नाही, कारण मॅन्युअल कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होते.

म्हणून विभागापुरता विकी, म्हणजे सर्वांना मिळून पाने लिहिता आणि सुधारता येतील असे अंतर्गत संकेतस्थळ, सुरू करायचा आहे. व्यवस्थापनाची अट एवढीच आहे की माहिती कारखान्याच्या नेटवर्कबाहेर जाऊ नये. सर्व्हरसाठी एक जुना संगणक मिळेल, पण स्वतंत्र आयटीचा माणूस मिळणार नाही. मीडियाविकी, डोकूविकी आणि बुकस्टॅक या सॉफ्टवेअरांविषयी मी वाचले आहे, परंतु निवड कशाच्या आधारावर करावी हे ठरत नाही. दुसरा आणि मला अधिक अवघड वाटणारा प्रश्न असा की, ज्यांना खरोखर माहिती आहे ती माणसे टंकलेखन करणारी नाहीत. मग त्यांच्याकडील ज्ञान पानावर आणायचे कसे? तिसरे म्हणजे आमच्याकडे आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे ऑडिट होते. विकीवरील पान कोणीही बदलू शकते, यावर ऑडिटर हरकत घेतील का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

तुमच्या परिस्थितीत मी डोकूविकी सुचवेन. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान साध्या मजकूर फाइलमध्ये साठवले जाते, त्यामुळे डेटा आणि कॉन्फिगरेशनचे फोल्डर रोज दुसऱ्या डिस्कवर उतरवले की बॅकअप झाला. उद्या विकीच बंद पडला तरी त्या फाइल कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येतात, आणि आयटीचा माणूस नसलेल्या ठिकाणी मला हा फार मोठा आधार वाटतो. मीडियाविकी हे विकिपीडियामागचे सॉफ्टवेअर आहे आणि ते उत्तमच आहे, पण त्याची घडण सर्वांना वाचता येणाऱ्या मजकुरासाठी झाली आहे. काही पाने ठरावीक लोकांनाच दिसावीत अशी गरज असेल तर ते सोयीचे पडत नाही. बुकस्टॅकमध्ये शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी मांडणी असते आणि ती नवख्यांना लगेच समजते, मात्र त्याला डेटाबेस सांभाळावा लागतो.

मराठीत लिहिणार असाल तर दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवा. डोकूविकीचा शोध मूलतः पूर्ण शब्द जुळवतो, म्हणजे 'मशिन' शोधले तर 'मशिनला' किंवा 'मशिनची' असलेले पान येईलच असे नाही. शब्दाच्या शेवटी तारांकन (*) देऊन शोधायची सवय सर्वांना लावावी लागते. शिवाय देवनागरी नावाचे पान साठवताना मूळ सेटिंगमध्ये फाइलचे नाव फार लांबते आणि मोठे शीर्षक अडचणीचे ठरते. त्यामुळे पानाचे नाव म्हणून यंत्राचा क्रमांक रोमन अक्षरांत ठेवा आणि आतले शीर्षक व मजकूर खुशाल मराठीत लिहा.

प्रतिसाद २

मी क्वालिटीमध्ये आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. आयएटीएफ १६९४९ हे आयएसओ ९००१:२०१५ या सर्वसाधारण गुणवत्ता मानकाच्या जोडीने लागू होते आणि त्यातील ७.१.६ हे कलम संस्थेने आपले कामाचे ज्ञान ओळखावे, जपावे आणि गरजूंना उपलब्ध करून द्यावे असे सांगते. त्या अर्थाने तुमचा विकी ऑडिटमध्ये जमेचीच बाजू आहे. हरकत येते ती दस्तऐवजांच्या नियंत्रणाविषयीच्या ७.५ या कलमाखाली, जेव्हा मंजूर कार्यपद्धतीची जुनी प्रत विकीवर चिकटवलेली सापडते. तेव्हा एसओपी (मंजूर कार्यपद्धती), टॉर्कची मूल्ये आणि पीएमची (प्रतिबंधात्मक देखभालीची) चेकलिस्ट यांतील काहीही विकीवर उतरवू नका; तेथे फक्त दस्तऐवजाचा क्रमांक आणि दुवा द्या. विकीवर लक्षणे, शक्यता आणि अनुभव असू द्या. एखादी नोंद वारंवार उपयोगी पडू लागली की ती रीतसर मंजूर करून एसओपीत घ्या.

तुमच्या बॅटरीच्या उदाहरणात एक गोष्ट आवर्जून सांगतो. वीज चालू ठेवून पॅनलमध्ये करायचे काम कोणी करावे, हे पानाच्या पहिल्याच ओळीत असले पाहिजे. नाहीतर कोणी 'वीज चालू ठेवा' एवढेच वाचेल आणि अधिकृत इलेक्ट्रिशियनऐवजी स्वतःच पॅनल उघडेल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कार्यपद्धती आणि अनुभव वेगळे ठेवण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आलाच नसता, आणि बॅटरीच्या पानावरील पहिली ओळ आता तशीच लिहितो.

लिहिण्याच्या प्रश्नावर मला सुचलेला मार्ग मांडतो. काकांना लिहायला न सांगता, दुरुस्ती चालू असताना एका शिकाऊ मुलाने शेजारी उभे राहून विचारावे, मोबाइलवर आवाज नोंदवावा आणि पाळी संपण्यापूर्वी पान तयार करून काकांना वाचून दाखवावे. पानावर लक्षण काय, आधी काय तपासावे, काय अजिबात करू नये आणि कोणाला बोलवावे एवढेच असेल, आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव वर ठळक दिसेल. काकांशी बोललो तेव्हा त्यांनी स्वतःहून कॉम्प्रेसरपासून सुरुवात करू या असे सुचवले, कारण पावसाळ्यात त्याच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात.

आता एकच अडचण उरते. आवाज नोंदवण्यासाठी विभागाचा एक फोन शॉपफ्लोअरवर नेण्याची परवानगी मिळेल, पण इतरांना तेथे मोबाइल वापरता येत नाही, त्यामुळे यंत्रावर क्यूआर कोड चिकटवून उपयोग नाही. तेल, कूलंट आणि धूळ यांत टिकेल असा टॅब्लेट भिंतीवर बसवणे बरे, की प्रत्येक पानाची छापील प्रत लॅमिनेट करून यंत्राजवळ ठेवावी? छापील प्रत ठेवली तर विकीवरचे पान बदलल्यावर ती कोणी आणि केव्हा बदलायची, याची पद्धत तुमच्याकडे असल्यास कृपया तपशिलाने लिहावे.