किनाऱ्याने गुहागर-गणपतीपुळे, परत घाटाने : आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन जमेल का?

अबोली७ (पुणे)

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज उरकली की कोकणात निघायचंय. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि सात वर्षांची लेक. गाडी मी आणि नवरा आलटूनपालटून चालवू. सासूबाईंचं आजोळ हेदवीचं. लग्नानंतर त्यांचं तिकडे जाणंच झालं नाही, आणि नातीला तिथला समुद्र दाखवायचा हे त्यांनी फार मनावर घेतलंय.

मॅप ताम्हिणीने माणगाव, मग मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण आणि तिथून गुहागर असा रस्ता दाखवतो. मला मात्र श्रीवर्धनपासून किनारा धरून जायचंय. अडचणी तीन. खाड्यांवर गाडी फेरीबोटीत चढवायची म्हणजे नक्की काय करायचं? लेकीला घाटात गाडी लागते. आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या झेपत नाहीत. येताना गणपतीपुळ्याहून कुठल्या घाटाने वर यावं?

खाडीकाठ

ताई, किनाऱ्यानेच जा. माझं माहेर तवसाळकडचं आणि सासर कराडचं, त्यामुळे हा रस्ता आणि घाट दोन्ही माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. महामार्गाने गेलात तर हेदवीला पोचाल, पण आई ज्या कोकणात वाढल्या ते वाटेत दिसणार नाही.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: इथे किलोमीटर बघून दिवस आखायचा नाही. अंतर खाड्या ठरवतात. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे धोपावे समोर दिसतं, मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. बोटीने दहा-पंधरा मिनिटांत पार. तीच खाडी टाळायची तर दापोलीहून खेड, चिपळूण करत गुहागरला यायचं, म्हणजे शंभरच्या आसपास किलोमीटर. तुमच्या वाटेवर अशा तीन बोटी आहेत: बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. पहिली सावित्रीवर. महाबळेश्वरला जिचा उगम मानतात तीच ही नदी. तिसरी शास्त्रीच्या मुखाशी.

बोटीचं अजिबात घाबरू नका. पुढचा लोखंडी दरवाजा धक्क्यावर टेकतो आणि बोटीवरचा माणूस हाताने खुणा करत एकेक गाडी आत घेतो. तो सांगेल तितकीच पुढे घ्या, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. जपायचं ते ओहोटीला. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि खालच्या भागावर शेवाळ असतं. तिथे पहिल्या गिअरमध्ये सावकाश, मध्येच न थांबता. चढउताराच्या वेळी गाडी तुमच्या दोघांपैकी ज्याचा हात घाटात बसलाय त्याच्याकडे असू द्या.

पहिला मुक्काम हरिहरेश्वर. तिथली समुद्राकडची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून खडकांवरून जाते आणि ती फक्त ओहोटीलाच करायची. बाबांनी देवळातूनच दर्शन घ्यावं. दुसऱ्या दिवशी केळशीवरून आंजर्ल्याला. कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे बाबांना तिथे त्रास नाही. दुपार कलल्यावर हर्णैच्या बंदरावर थांबा. बोटी लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव सुरू होतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. लेकीला हे फार आवडेल. रात्री दापोलीजवळचं मुरुड नाहीतर दापोली.

आता हेदवी. दशभुज गणेशाचं देऊळ सगळे करतात, पण आईंना बामणघळीवर घेऊन जा. किनाऱ्याच्या काळ्या खडकाला एक अरुंद, खोल चीर आहे. भरतीची लाट तिच्यात शिरते, आतल्या आत कोंडते आणि एकदम वर उसळते. आधी घुमल्यासारखा आवाज येतो, मग पांढरं पाणी. पावसाळ्याइतकं उंच नाही उडणार, तरी भरतीची वेळ साधायला हवी. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला तिथे असाल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, त्या सुमाराला भरती. तासभर आधी पोचा. खडक ओला असतो, लेकीचा हात सोडू नका आणि कडेपासून चांगलं मागे उभं राहा. आईंना लहानपणची पाखाडी (दगडी पायवाट), आगर (नारळी-पोफळीची बाग), विहीर शोधायची असेल तर त्या दिवशी पुढचं काहीच ठरवू नका. गावात विचारत गेलात की कुणीतरी जुनं माणूस नक्की भेटतं. जेवण घरगुती हवं असेल तर सकाळीच फोन करून सांगावं लागतं, ऐनवेळी पान मिळत नाही.

मलकापूरकर

परतीसाठी आंबा घाट घ्या. गणपतीपुळ्याहून निवळी, हातखंबा, पाली, साखरपा आणि मग घाट चढून मलकापूर, कोल्हापूर. चिपळूणहून कराडला चढणाऱ्या कुंभार्ली घाटापेक्षा मला हा केव्हाही सोयीचा वाटतो. कुंभार्लीला पुन्हा चिपळूणपर्यंत उलटं जावं लागतं आणि अवजड वाहनांच्या मागे अडकलात की मुलीला जास्त त्रास. आंबा घाटातून जाणाऱ्या मिऱ्या-नागपूर महामार्गाचं रुंदीकरण काढल्यापासून कुठे कुठे वळसे दिलेले असतात, तेव्हा अंधार पडायच्या आत घाट संपवा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम घाटात पाळाच.

गाडी लागण्याबद्दल: उपाशीपोटी निघू नका आणि तेलकटही देऊ नका. कोरडी भाकरी किंवा चुरमुरे बरे. मोबाईल आणि पुस्तक पूर्ण बंद. मधल्या सीटवर बेल्ट लावून, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. काच थोडी खाली. मुख्य म्हणजे चालवणाऱ्याने वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक मारू नये. निम्मा त्रास त्यानेच थांबतो. एका दमात पुणे गाठू नका, रात्री पन्हाळ्यावर राहा. गाडी गडावर जाते, बाबांनाही फिरता येईल.

दापोली_दाभोळ

दाभोळला बोटीची वाट बघायची वेळ आली तर धक्क्याजवळची आदिलशाही काळातली मशीद बघून घ्या, जुनं दगडी काम सुंदर आहे. डिझेल-पेट्रोल दापोलीतच भरा. आणि गणपतीपुळ्याला त्या आठवड्यात खूप गर्दी असते. मुक्काम मालगुंडला करा, अगदी जवळ आहे. केशवसुतांचं स्मारकही तिथेच.

अबोली७ (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकाठताई, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. बामणघळीचं नाव ऐकताच त्या म्हणाल्या, "आम्हाला एकटं जायला बंदी होती तिथे." आता पंचमीला हेदवीतच राहतोय. एकच विचारायचं राहिलं: तवसाळची बोट संध्याकाळी उशिरा मिळते का?

खाडीकाठ

वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करा. पण मी सांगेन, शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. हेदवीहून सकाळी निघा, जयगडचा किल्ला बघून दुपारच्या जेवणाला मालगुंडात असाल. आईंच्या आजोळची वाडी कुठली ते इथे नको, मला निरोपात कळवा. माझी मावशी हेदवीतच आहे, ती सोबत येईल.