शार्कला टॅग लावून काय कळतं?

एकांनी विचारलंय, शार्कच्या पाठीत टॅग, म्हणजे माहिती नोंदवणारं छोटं यंत्र, टोचून संवर्धनाला नेमका काय फायदा? मला यावर निकोलचं उदाहरण द्यावंसं वाटतं.

निकोल ही ग्रेट व्हाइट शार्क मादी. नोव्हेंबर 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गान्सबाईजवळ तिला सॅटेलाइट टॅग लावला. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून हा टॅग उजेड, खोली आणि तापमान नोंदवत राहतो. सूर्य उगवण्या-मावळण्याच्या वेळांवरून रेखांशाचा अंदाज येतो. ठरलेल्या दिवशी टॅगला धरून ठेवणारी धातूची पिन झिजून तुटते, टॅग वर तरंगतो आणि साठवलेली माहिती उपग्रहाकडे पाठवतो.

निकोलचा टॅग 99 दिवसांनी वर आला, तो थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ! 11,000 किलोमीटरहून जास्त प्रवास, वाटेत 980 मीटरपर्यंत बुड्या. आणि ऑगस्ट 2004 मध्ये ती परत गान्सबाईला हजर. पाठीवरच्या पराच्या कडेला असलेल्या खाचांवरून तिची ओळख पटली.

दक्षिण आफ्रिकेत या माशाला 1991 पासून संरक्षण आहे, ऑस्ट्रेलियातही आहे. पण मधल्या खुल्या समुद्रात या दोघांचेही कायदे लागू होत नाहीत, आणि तिथे लाँगलाइनचे, म्हणजे एकाच लांब दोरीला लावलेले, मैलोन्‌मैल गळ सोडलेले असतात. निकोलसारखी शार्क तिथून जाते हे माहीतच नसेल, तर तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम मागणार कशाच्या जोरावर?

लहान माशांना मात्र एवढा मोठा टॅग झेपत नाही. त्यांना छोटे ध्वनी-टॅग लावतात. समुद्रतळाशी ठेवलेल्या, त्यांचा ध्वनी टिपणाऱ्या रिसीव्हरजवळून मासा गेला की त्याचा क्रमांक आणि वेळ नोंदली जाते.