मदत हवी आहे : आजोबांचा कॉर्नेट

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या नौपाड्यातलं घर रिडेव्हलपमेंटला चाललंय, म्हणून माळा उपसला. आजोबांचा कॉर्नेट (ट्रंपेटसारखं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) सापडला. लग्नाच्या वरातीत वाजवायचे ते. पितळ काळवंडलंय, मधला व्हॉल्व्ह दाबला की वरच येत नाही. पेटीत एका गोऱ्या वादकाचं कात्रण होतं, हर्बर्ट क्लार्क. शोधलं तर माणूस मोठा निघाला! अमेरिकेतले प्रसिद्ध बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांच्या बँडमधला नावाजलेला कॉर्नेटवादक. पुढे 1923 पासून 20 वर्षं कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराच्या म्युनिसिपल बँडचा प्रमुख. तो बँड 1909 सालचा. वादकांना पगार नगरपालिकेचा आणि कार्यक्रम लोकांना फुकट. (आपल्याकडे रस्त्यावरचे खड्डे बुजले तरी पुष्कळ.)

तर विचारायचं असं, मासुंदा तलावाच्या काठी किंवा गावात कुठे असा उभ्याउभ्या ऐकायचा बँड वाजलेला कुणाच्या घरच्या जुन्या माणसांना आठवतो का? फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा कारागीर ठाण्यात किंवा कळव्याला कुणी आहे का? एका दुकानात दाखवला, तर म्हणे ‘शोकेसमध्ये ठेवा’. मला तो वाजवायचाय हो.