मदत हवी आहे: जन्म कोइमतूरचा, घर विट्यात. मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा कोणता?

येरळाकाठ: भाचीला १८ पूर्ण झाली. दाजी गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात होते, त्यामुळे तिचा जन्म कोइमतूरचा, २००७ सालचा. आता सगळे कायमचे विट्याला आलेत. नमुना ६ (नव्या मतदाराचा अर्ज) द्यायला गेल्यावर "जन्म राज्याबाहेरचा आहे, नागरिकत्वाचा दाखला आणा" असं तोंडी सांगून परत पाठवलं. आधारवर पत्ता कोइमतूरचा, लाईटबिल आजोबांच्या नावावर. दाजींचं नाव विट्याच्या यादीत आहे, ताईचं मात्र तिकडच्या. काय काय जोडावं?

माणदेशी: तो दाखला शोधत फिरू नका. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र निघतं ते परदेशी माणसाने नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिकत्व घेतल्यावर. जन्माने भारतीय असलेल्याकडे ते नसतंच. नमुना ६ मध्ये नागरिकत्वासाठी असतं ते घोषणापत्र: मी भारताची नागरिक आहे, आणि जन्मगाव, जिल्हा, राज्य. तिथे कोइमतूर, तमिळनाडू असंच लिहा. कटकट टळावी म्हणून विटा लिहिलंत तर जन्मदाखल्याशी मेळ बसणार नाही, आणि खोट्या घोषणेला लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. जन्म देशात कुठेही झाला तरी नोंदणीच्या हक्कात फरक पडत नाही.

कागद लागतात ते दोनच गोष्टींचे, वय आणि पत्ता. वयाला जन्मदाखला किंवा दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. दाखल्यावर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर असेल तर दहावीचं प्रमाणपत्रही सोबत लावा.

तुमची खरी अडचण पत्त्याची आहे. पाणी, वीज किंवा गॅसचं बिल किमान एक वर्षाचं लागतं, आणि ते अर्जदाराच्या किंवा त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या आई-वडील, पती-पत्नी, सज्ञान मुलाच्या नावावर हवं. आजोबा त्यात बसत नाहीत, म्हणून ते बिल परत येतं. दाजींचं नाव विट्यात आहे ना? मग त्यांच्या नावचं बँक पासबुक, सातबारा किंवा नोंदणीकृत खरेदीखत लावा, आणि कुटुंबातील मतदाराच्या रकान्यात त्यांचा ओळखपत्र क्रमांक टाका. सातबाऱ्याबद्दल एक सांगतो: तो पत्त्याचा कागद म्हणून चालतो, पण त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे नुसतं घर-जमीन असल्याने कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. मुलगी प्रत्यक्ष विट्यात राहायला हवी. बीएलओ (मतदान केंद्राचे अधिकारी) घरी येतील तेव्हा ती तिथे असू द्या, नाहीतर शेजारी "ते बाहेर असतात" म्हणतात आणि अर्ज तिथेच अडतो.

अग्रणी_पूल: ताईंसाठी नमुना ६ अजिबात भरू नका. त्यात "दुसऱ्या मतदारसंघात नाव नाही" अशी घोषणा असते. त्यांना नमुना ८, स्थलांतर. राज्य बदललं तरी हाच. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो आणि तिकडचं नाव निघतं.

ऑनलाइन भरणार असाल तर मराठी नावाचे रकाने डोळ्यांत तेल घालून वाचा. इंग्रजी टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं आणि पाटीलचं पाटिल होतं. त्याच पानावर दुरुस्त करा, नाहीतर पुन्हा नमुना ८ आलाच. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, ४.५ × ३.५ सेंमी.

येरळाकाठ: आधार नागरिकत्वाला चालेल का? आणि पुन्हा तोंडी नकार दिला तर?

माणदेशी: आधार वयाला चालतं, त्यावर विट्याचा पत्ता असेल तर पत्त्यालाही, पण नागरिकत्वाला नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलंय.

तोंडी नकाराला काही किंमत नाही. अर्ज ऑनलाइन भरा म्हणजे संदर्भ क्रमांक हातात राहतो, किंवा कागदी देऊन पोच घ्या. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस यादी लागते. नागरिकत्वाबद्दल शंका असली तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा प्रांताधिकाऱ्यांनी, नोटीस देऊन सुनावणी घ्यायची असते आणि दिलेला प्रत्येक पुरावा बघायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसैन प्रकरणात हे स्पष्ट केलंय.

सुनावणी लागलीच तर तयारी आई-वडिलांच्या कागदांची ठेवा. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्यांना दोघेही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही, अशी अट आहे. त्यामुळे दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, मतदार यादीतली नावं, असल्यास पासपोर्ट. ताईंचा नमुना ८ आधी भरला तरी तिकडच्या यादीतलं त्यांचं पान छापून ठेवा, नाव निघाल्यावर ते मिळवायला त्रास होतो.

लेखी नकार आला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आदेशाची प्रत लगेच मागा, मुदत मोजताना तीच तारीख लागते.