नैरोबीतले निर्वासित: शहरात सामावून घ्यायचे की छावणीत परत पाठवायचे?

पारिजात

मार्च २०२५ मध्ये केनिया सरकारने 'शिरिका' योजना जाहीर केली. ददाब आणि काकुमा या दोन प्रचंड छावण्यांच्या हळूहळू रीतसर वस्त्या करायच्या, निर्वासितांनी आणि स्थानिकांनी एकाच शाळेत, एकाच दवाखान्यात जायचं, असा तिचा गाभा. मला ही योजना मनापासून आवडली. पण तिचा मुख्य भर छावण्यांवर आहे. छावणी सोडून ज्यांनी केव्हाच नैरोबी गाठली, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

माझं म्हणणं एवढंच: शहरात येऊन राहिलेल्या माणसाला वेळेवर ओळखपत्र द्या, धंद्याचा परवाना द्या, आणि शहराच्या हिशेबात त्याचं डोकं मोजा. भाषा, शेजार, सोयरिकी या गोष्टी लोक आपापल्या बघून घेतात. सरकारने अडवू नये म्हणजे झालं.

नैरोबीतली ईस्टली बघा. वसाहतकाळात गोऱ्यांनी वंशाप्रमाणे वस्त्या पाडल्या, तेव्हा ही वस्ती मुख्यतः भारतीयांच्या वाट्याला आली. स्वातंत्र्यानंतर ते पार्कलँड्स या सुखवस्तू भागाकडे सरकले. सोमाली तिथे आधीपासून थोडेफार होतेच. १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळल्यावर लोंढे आले. गरिसा लॉज नावाच्या लॉजमध्ये ही माणसं उतरायची. रात्री खोलीत झोपायचं आणि दिवसा त्याच खोलीत कापड, घड्याळं, रेडिओ मांडून विकायचे. पुढे त्या लॉजचंच बाजारसंकुल झालं, मग शेजारी दुसरं, तिसरं. आज युगांडा-टांझानियाचे व्यापारी तिथे घाऊक माल भरायला येतात. सरकारने यासाठी काहीही केलेलं नाही.

उंटिणीच्या दुधाचा बाजार तर मुद्दाम बघण्यासारखा. उत्तरेकडच्या इसिओलोहून रात्रभर आलेल्या बसमधून पहाटे पिवळे कॅन उतरतात. बायका झाकण उघडून आधी वास घेतात, मग झाकणात ओतून घोटभर चाखतात. ताजं एकीकडे, आंबायला लागलेलं दुसरीकडे. दुधाला धुराचा वास असतो, कारण भांडी आधी धुरी देऊन घेतात. यातली कुठली बाई केनियाची नागरिक आणि कुठली निर्वासित, हे कॅन उतरवणाऱ्या पोराला ठाऊक नसतं आणि त्याचं काही अडतही नाही.

अडतं ते कागदाशी. नैरोबीच्या कायोले भागात माझ्या ओळखीचा एक काँगोली शिंपी आहे. हात इतका सफाईदार की लग्नाच्या हंगामात त्याच्याकडे नंबर लावावा लागतो. त्याच्या ओळखपत्राची मुदत संपली आणि नवं काही हातात पडलेलं नाही. त्यामुळे मोबाइलवरचं पैशाचं खातं त्याच्या नावावर चालत नाही. नैरोबीत भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते, तेव्हा हा गिऱ्हाइकांना शेजारणीचा नंबर देतो आणि ती संध्याकाळी रोख आणून देते. भली बाई आहे. पण ती गावी मयताला गेली की याचे पैसे अडकतात. परवाना नाही म्हणून 'कांजो', म्हणजे शहराचे शिपाई, आले की मशीन उचलून मागच्या खोलीत पळायचं किंवा त्यांच्या हातावर काहीतरी टेकवायचं. तेच पैसे त्याने काउंटीच्या तिजोरीत आनंदाने भरले असते.

तटबंदी

शिंप्याबद्दल सहानुभूती आहे. पण तुमच्या लेखात सुरक्षेबद्दल एक ओळही नाही, हे मला खटकलं.

ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबीतल्या अमेरिकी वकिलातीवर स्फोट झाला, दोनशेहून जास्त माणसं गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलमध्ये ६७. त्यात आपली भारतीय माणसंही होती. एप्रिल २०१५ मध्ये गरिसा विद्यापीठात १४८, बहुतेक विद्यार्थी. शेजारच्या सोमालियात अल-शबाबसारखी दहशतवादी संघटना आहे आणि सीमा शेकडो किलोमीटर उघडी आहे. अशा देशाच्या सरकारने "येईल त्याला कागद द्या" म्हणायचं?

छावणीत निदान कोण आलं, कधी आलं याची नोंद राहते. शहरात सगळं मिसळून जातं. कागद दिले की बँक खातं, भाड्याचं घर, प्रवास सगळं मोकळं. आपला पोरगा त्या मॉलमध्ये असता तर आपण हाच लेख लिहिला असता का, हे मी खरंच विचारतोय.

पारिजात

तटबंदी, प्रश्न रास्त आहे, उत्तर देते.

तुम्ही सुचवता तो उपाय केनियाने करून पाहिलाय. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने शहरातल्या निर्वासितांना छावणीत जायला सांगितलं. जुलै २०१३ मध्ये हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. शहरात राहून कमावून खाणाऱ्या माणसांना हलवल्याने देश सुरक्षित कसा होईल, हे सरकारला तिथे दाखवता आलं नाही. वेस्टगेटनंतर, मार्च २०१४ मध्ये पुन्हा तोच आदेश निघाला आणि एप्रिलमध्ये 'उसलामा वॉच' मोहीम. ईस्टलीत घरोघरी धाडी पडल्या, हजारो माणसांना कासारानी स्टेडियममध्ये नेऊन ठेवलं. त्यात केनियाचे जन्मजात नागरिक असलेले सोमालीही होते.

वर्षभरात गरिसा घडलंच. त्या हल्लेखोरांपैकी एक केनियाचा नागरिक, कायद्याचा पदवीधर आणि एका चीफचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या स्थानिक अधिकाऱ्याचा, मुलगा होता. धाडींनी तो सापडला नाही. अशा पोराची खबर पोलिसांना कोण देणार? शेजारी. आणि ज्या शेजाऱ्याला पोलीस दिसला की आपलीच धरपकड आठवते, तो चौकीची पायरी चढत नाही.

नोंद छावणीतच राहते हेही मला पटत नाही. माझ्या शिंप्याची नोंद सरकारनेच करून घेतलेली आहे, बोटांच्या ठशांसकट. कार्ड तेवढं देत नाहीत.

जोझीकर

नोकरीमुळे बरीच वर्षं जोहान्सबर्गला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सुरक्षेपेक्षा मला गरिबाची रांग महत्त्वाची वाटते.

इथे छावण्या नाहीतच. आश्रय मागणाऱ्याला कायद्याने पहिल्यापासून शहरात राहायची मुभा आहे. म्हणजे पारिजात म्हणतात ते इथे कागदावर तरी आहे. काय झालं? मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत सुरू झालेल्या दंगलीत ६२ माणसं मारली गेली. २०१५ मध्ये डर्बनला, २०१९ मध्ये पुन्हा जोहान्सबर्गला तेच. २०२१ मध्ये सोवेटोत 'ऑपरेशन डुडुला' उभं राहिलं. ही मंडळी सरकारी दवाखान्याच्या दारात उभी राहून ओळखपत्र तपासायची आणि परक्यांना परत पाठवायची. मी त्यांचं समर्थन करत नाही. गरोदर बाईला दारातून हाकलणं पाप आहे. पण त्या दारात जमणारा माणूस कोण आहे ते बघा. बेरोजगारी तीस टक्क्यांच्या वर, घरकुलाच्या यादीत आईचं नाव लागून निम्मा जन्म गेलेला. त्याच्या गल्लीतलं किराण्याचं दुकान आता परक्याचं. तो परका घाऊक माल एकत्र घेतो, पहाटे उघडतो, रात्री उशिरा बंद करतो, एक अंडं, एक सिगारेट सुटी देतो. गिऱ्हाईक म्हणून मला ते दुकान आवडतं. पण बंद पडलेल्या दुकानदाराला मी काय सांगू? "बाजाराचा नियम आहे"?

नैरोबीच्या पार्कलँड्ससारख्या किंवा इथल्या सँडटनसारख्या सुखवस्तू भागातून सामावून घ्या म्हणणं सोपं आहे. त्याची झळ आपल्या मोहल्ल्याला लागत नाही. आधी स्थानिकाचं बघा, त्याची संमती घ्या, मग दार उघडा.

मुळाकाठची

जोझीकर, तुमच्या प्रतिसादातली कळकळ पोचली, पण आकडे अर्धेच दिलेत. २००८ च्या त्या ६२ मृतांपैकी २१ दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. "परक्या"ला मारायला निघालेल्या जमावाने आपल्याच देशाच्या माणसांना मारलं. दुरून आलेला, वेगळी भाषा बोलणारा नागरिकही त्या दिवशी परकाच ठरला.

आणि गर्दी किती? २०२२ च्या जनगणनेनुसार परदेशात जन्मलेले सुमारे २४ लाख, एकूण ६ कोटी २० लाखांत. चार टक्केही नाहीत. घरकुलं रखडली ती या चार टक्क्यांमुळे?

जोहान्सबर्गमधल्या मार्शलटाउनच्या इमारतीची आग आठवा. ३१ ऑगस्ट २०२३ ची रात्र, सत्तरहून जास्त बळी. ती इमारत शहराच्या स्वतःच्या मालकीची होती. वर्णभेदाच्या काळात काळ्या कामगारांना शहरात यायचा पास देण्याचं ऑफिस तिथे होतं. पुढे महापालिकेने इमारत वाऱ्यावर सोडली, दलालांनी ताबा घेतला, आतल्या हॉलचे पत्रे-पुठ्ठे लावून खुराडे केले आणि भाडं उकळलं. मेलेल्यांत मलावीचे, टांझानियाचे आणि दक्षिण आफ्रिकेचेही होते. चौकशी आयोगाने शहराला जबाबदार धरलं. ज्या यंत्रणेने ही इमारत कुजू दिली, तिलाच "आधी स्थानिकाचं बघा" म्हणायला हवं होतं. ते तिने कधी बघितलं?

जोझीकर

जनगणनेबद्दल: त्या मोजणीत सुमारे ३१ टक्के लोक सुटले होते, नंतर हिशेबाने दुरुस्ती केली. कागद नसलेला माणूस गणकाला दार उघडेल का, विचार करा. शिवाय हे २४ लाख देशभर सारखे पसरलेले नाहीत. सगळ्यात जास्त आमच्या खाउटेंग प्रांतात आहेत. सरासरी चार टक्के असेल, ठरावीक गल्लीत ती सरासरी राहत नाही.

महापालिकेबद्दल तुमचं पूर्ण मान्य. पण त्यामुळे माझाच मुद्दा पक्का होतो. मोडक्या महापालिकेवर आणखी माणसं टाकायची कशी?

घाना_ते_गोवा

पश्चिम आफ्रिकेची आठवण करून देतो, कारण "परत पाठवा" हा प्रयोग तिथे दोनदा झाला. नोव्हेंबर १९६९ मध्ये घानाच्या बुसिया सरकारने कागद नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांची मुदत दिली. त्यात नायजेरियन भरपूर होते, बाजारपेठेत त्यांच्या पिढ्या गेलेल्या. जानेवारी १९८३ मध्ये तेलाचे भाव पडल्यावर नायजेरियाने तेच केलं आणि निघालेल्यांत दहा लाखांच्या आसपास घानाचे होते. दोन्ही देशांची अर्थव्यवस्था त्याने सुधारली नाही. पूर्वेकडे युगांडातही १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत बाहेर काढलं, त्यात कंपालातले गोंयकारही होते. दुकानं वाटून टाकली आणि साखर-मीठ मिळेना. नव्वदच्या दशकात युगांडाने मालमत्ता परत देऊन त्यातल्या काहींना बोलावून घेतलं. जोझीकर, बंद पडलेल्या दुकानदाराचं दुःख खरं आहे. दुसऱ्याचं दुकान बंद करून ते भरून येतं, असा दाखला मला सापडत नाही.

सदाशिव_७१

युगांडाचा विषय निघालाच आहे तर त्याची कडू बाजूही लिहितो. २००६ च्या कायद्याने युगांडाने निर्वासिताला काम करायचा, फिरायचा हक्क दिला, वस्तीत जमिनीचा तुकडा दिला. आफ्रिकेत सर्वाधिक निर्वासित तिथेच आहेत. जगभर कौतुक झालं. पण २०१८ मध्ये ठसे घेऊन फेरमोजणी केली तेव्हा आकडा सुमारे तीन लाखांनी खाली आला. फुगवलेल्या नावांवर मदत उचलली जात होती. "शहराच्या हिशेबात डोकं मोजा" हे बरोबर, पण डोक्यामागे पैसा आला की डोकी वाढतात. आणि २०२५ मध्ये परदेशी निधी आटल्यावर लाखो लोकांचा शिधा बंद झाला. दात्यांच्या भरवशावर ठेवलेला उदारपणा किती दिवस पुरणार?

पारिजात

सदाशिव, २०१८ चा घोळ खरा आहे, पण तो उघडा पडला तो नीट मोजल्यामुळेच. उलट्या बाजूचं उदाहरण अरुआचं. युगांडातलं, काँगोच्या सीमेजवळचं हे गाव जुलै २०२० मध्ये 'शहर' झालं. वस्त्यांतून निर्वासित तिथे शाळेसाठी, दवाखान्यासाठी, धंद्यासाठी येऊन राहतात. कचरा, पाणी, वर्गातली बाकं सगळं शहराने पुरवायचं, आणि कंपालाहून येणारा निधी मात्र त्यांना न धरता. मग शहराच्या नगराध्यक्षाने त्यांच्याकडे ओझं म्हणून बघितलं तर दोष कोणाला द्यायचा? शिधा बंद झाल्यावर तर लोक शहराकडे जास्तच येणार. त्यांना कमावू देणं हाच दात्यांवाचून चालणारा मार्ग आहे.

मुकुरूवाले

सगळे परदेशी लोकांवरच बोलताय. नैरोबीत बाहेरून येणारा बहुतेक माणूस केनियाचाच आहे. कोणी मचाकोसहून, कोणी काकामेगाहून. तो मुकुरू झोपडपट्टीत पत्र्याच्या खोलीत राहतो आणि नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग पाणी कॅनने विकत घेतो.

२०१७ मध्ये मुकुरूला विशेष नियोजन क्षेत्र ठरवलं. लाखाच्या आसपास कुटुंबं, थोड्या-थोड्या घरांचे गट पाडून बैठका झाल्या. तू कुठल्या गावचा, हे तिथे कोणी विचारत नव्हतं. तुझी खोली कुठल्या गल्लीत, एवढंच विचारायचे. पुढे रस्ते झाले, गटारं झाली. जोझीकर म्हणतात ती संमती अशी मिळते, मोर्च्यात नाही. खोटं सांगत नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये याच मुकुरूत, क्वा न्जेंगाला, रस्त्यासाठी बुलडोझर आले आणि हजारो लोक उघड्यावर आले. केनियाचं ओळखपत्र खिशात असूनही. म्हणून पारिजात, नुसत्या कार्डाने भागत नाही. भाडेकरूचा हक्क हवा.

मुंबईत आपण झोपड्यांसाठी तारीख ठरवली, १९९५, मग २०००, मग २०११. दर वेळी तारखेनंतर आलेला बाहेर. तसली तारीख तिथे कोणी सुचवू नये, एवढी विनंती.

जोझीकर

मुकुरूच्या गल्लीवार बैठका मला पटल्या. अशा बैठकीत स्थानिक दुकानदार आणि परका दुकानदार समोरासमोर बसत असतील तर परवान्याला माझा विरोध नाही. सरकारी घरकुलाची यादी मात्र नागरिकांचीच राहिली पाहिजे. तिथे मी हटणार नाही.

तटबंदी

गरिसाच्या त्या चीफच्या मुलाचा मुद्दा मी खोडू शकत नाही. तरीही कार्ड द्यायचं तर दर वर्षी ठसे जुळवून नव्याने द्यावं, हे माझं मत कायम आहे. राज्याला माणूस कुठे राहतो ते माहीत असलं पाहिजे.

पारिजात

जोझीकर, घरकुलाच्या यादीवर मी आत्ता भांडत नाही. शिंपी घर मागत नाहीये, भाडं तो भरतोच.

तटबंदी, दर वर्षी नको. एकदा अडकलेलं कार्डच हातात पडत नाही, तर दर वर्षी तीच रांग. त्या रांगेत चहापाण्याचे पैसे मोजू शकणारा पुढे जातो आणि शिवणाचा दिवस बुडवून आलेला मागे राहतो. निदान पाच वर्षांचं द्या, आणि पत्ता बदलला की गल्लीतल्या चीफच्या कचेरीत नोंदवायची सोय करा. पत्ता बदलला की सांगायला तो स्वतः येईल, खातं त्याच कार्डावर चालणार असेल तर.