मदत हवी: बीटा-अ‍ॅलानिनने कान झिणझिणतात, वेळ मात्र तीच

मी ८०० मीटर धावतो. शेवटच्या दोनशे मीटरला पाय इतके भरून येतात की उचलवत नाहीत. त्यासाठी बीटा-अ‍ॅलानिन (खेळाडू पूरक म्हणून घेतात ते अमिनो आम्ल, पावडर) सुरू केलं, दोन आठवडे झाले. फक्त सरावाच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून तीनदा, धावायच्या अर्धा तास आधी ३.२ ग्रॅमचा अख्खा चमचा पाण्यात ढवळून घेतो. थोड्या वेळात कानाच्या पाळ्यांना आणि हातांच्या पाठीला मुंग्या येतात. पहिल्या दिवशी अ‍ॅलर्जी समजून घाबरलो होतो, आता मुंग्या आल्या की वाटतं, चला, लागू पडलं! पण घड्याळ तिथंच. मुंग्या म्हणजे स्नायूंतलं कार्नोसिन (आम्ल झेलणारं द्रव्य) वाढतंय असं धरायचं का? की सरळ कार्नोसिनच घ्यावं?

प्रतिसाद:
मुंग्यांचा स्नायूंशी संबंध नाही हो. रक्तात बीटा-अ‍ॅलानिन एकदम चढलं की त्वचेतल्या नसा चाळवतात, एवढंच. एका वेळी ८०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पुष्कळांना होतं.

कार्नोसिन स्नायूच बनवतो, हिस्टिडिन हे दुसरं अमिनो आम्ल आणि बीटा-अ‍ॅलानिन जोडून. हिस्टिडिन भरपूर असतं, घोडं अडतं ते बीटा-अ‍ॅलानिनपाशी. नुसतं कार्नोसिन गिळलं तर रक्तातलं कार्नोसिनेज नावाचं एन्झाइम त्याचे पुन्हा तेच दोन तुकडे करतं.

तुमची खरी गडबड हिशेबात आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांडीच्या स्नायूचे नमुने काढून तपासले होते. कार्नोसिन ४ आठवड्यांत सुमारे ५९ टक्के वाढलं, १० आठवड्यांत ८० टक्के. त्यांचा डोस ४ ग्रॅमपासून ६.४ ग्रॅमपर्यंत नेलेला, तोही रोज. तुमचे आठवड्याचे ९.६ ग्रॅम त्यांच्या दीड दिवसात संपतात! सुट्टीच्या दिवशीही घ्या, जेवणाबरोबर, चार वेळा थोडं थोडं. धावण्याआधीच घ्यायचं असं काही नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
अरेच्चा. मग स्पर्धेच्या दिवशी विसरलो तर?

प्रतिसाद:
बिनधास्त विसरा. पूर्ण बंद केलं तरी साठा उतरायला ६ ते १५ आठवडे लागतात. फार आशा मात्र लावू नका. कार्नोसिन स्नायूत साचणारं आम्ल थोडं झेलतं, १ ते ४ मिनिटांच्या जोरकस श्रमात त्याचा थोडाफार फायदा दिसतो. ८०० मीटर त्यात बसतं.

मूळ प्रश्नकर्ता:
चमचा एकच आहे, ३.२ ग्रॅमचा. ८०० मिलिग्रॅम कसं मोजू?

प्रतिसाद:
सकाळी तो चमचा लिटरभर पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर पेनाने चार खुणा करा.