ढोबळ मृत्युदर सारखाच, मग श्रीलंकेत अकाली मृत्यू कमी कसे?

खाडीकाठचा मास्तर (देवगड)

नमस्कार. आमच्या वाचनालयातील पुढील बैठकीसाठी मी भारत आणि श्रीलंका या शेजारी देशांतील अकाली मृत्यूंची तुलना तयार करीत आहे आणि पहिल्याच पायरीवर अडखळलो आहे. 2019 साली भारताचा ढोबळ मृत्युदर, म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरातील मृत्यू, 6.0 होता, श्रीलंकेचा सहा ते सातच्या दरम्यान, म्हणजे आपल्यापेक्षा किंचित जास्तच. तरीही तेथे अकाली मरणारे कमी आहेत, असे सगळीकडे वाचायला मिळते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? शिवाय तुलना कोणत्या काळापासून सुरू करावी?

माडाची सावली (वेंगुर्ला)

मास्तर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या अंगणातच आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, कारण कमावत्या वयाचे पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेलेले असतात आणि वाडीत उरतात ती बहुधा म्हातारी माणसे. अशा वाडीत हजारी जितकी माणसे वर्षाला जातील, तितकी मुंबईच्या उपनगरातील नव्या वसाहतीत जाणार नाहीत. पण म्हणून वाडीतले पाणी बाधते असे कोणी म्हणत नाही. श्रीलंकेचे असेच आहे. तेथे पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण भारतापेक्षा बरेच जास्त असल्यामुळे ढोबळ दर फुगतो.

तेव्हा वयाचा हिशेब धरणारे माप घ्या. तिशी गाठलेली व्यक्ती हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, कर्करोग, मधुमेह किंवा श्वसनाचे जुनाट विकार यांपैकी एखाद्याने सत्तरीच्या आत दगावण्याची शक्यता किती, हे जागतिक आरोग्य संघटना काढते. 2019 साठी ती भारतात सुमारे 22 टक्के, तर श्रीलंकेत सुमारे 13 टक्के होती.

निवृत्त आरोग्यसेवक (कुडाळ)

काळाबद्दल माझे मत असे की 1990 पासून सुरुवात केलीत, तर अर्धी गोष्ट हातून निसटेल. 1934-35 च्या मलेरियाच्या साथीत श्रीलंकेत सुमारे 80,000 माणसे दगावली होती. पुढे 1946 साली डासांवर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली आणि एका वर्षात मृत्युदर हजारी 20 वरून 14 वर आला. या घसरणीचे श्रेय फवारणीचे किती आणि युद्धानंतर सुधारलेल्या अन्नपुरवठ्याचे व दवाखान्यांचे किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. गावोगाव फिरून बाळंतपणे सांभाळणाऱ्या प्रशिक्षित सुइणींचा वाटा त्यात मोठा असावा, असे मला माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून वाटते.

1950 च्या दशकाच्या अखेरीस तेथील आयुर्मान साठीच्या आसपास होते, तर आपले चाळिशीच्या थोडे वर. आज हे अंतर सहा वर्षांच्या आसपास आले आहे. म्हणजे पुढे श्रीलंका आहे, पण गेल्या साठ वर्षांत आयुर्मानात जास्त वर्षे मिळवली ती भारताने. तक्त्यात या दोन गोष्टी वेगळ्या दाखवा, नाहीतर श्रोते एकीलाच दुसरी समजतील. अर्भक मृत्युदरात, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांच्या संख्येत, मात्र अंतर अजून ठळक आहे: 2019 साली आपला 30, त्यांचा दहाच्याही आत.

कलमवाला (राजापूर)

वर सांगितलेल्या 30 ते 70 वयाच्या मापात आत्महत्या धरलेल्याच नाहीत, आणि श्रीलंकेतील अकाली मृत्यूंची ती फार मोठी बाजू आहे. 1995 च्या सुमारास तेथे लाखामागे 47 आत्महत्या होत, त्यांत तरुण पुष्कळ आणि कारण बहुतांशी कीटकनाशके. सरकारने सर्वांत जहाल औषधे टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली आणि पुढील वीस वर्षांत हा दर सुमारे एक तृतीयांशावर आला. एंडोसल्फान हे कीटकनाशक तेथे 1998 मध्ये बंद झाले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ते 2011 मध्ये थांबवले. आंब्याला मोहोर आला की फवारणीशिवाय आमचे चालत नाही, त्यामुळे ही तेरा वर्षे मला तक्त्यातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त खटकतात.

माडाची सावली (वेंगुर्ला)

कलमवाल्यांचा मुद्दा मान्य. ते माप अपुरे आहे, हे मीच आधी लिहायला हवे होते.

एक शंकेखोर वाचक (मालवण)

सव्वादोन कोटींच्या बेटाची तुलना आपण एवढ्या अवाढव्य देशाशी करतो, हेच मुळात मला पटत नाही. केरळ समोर ठेवा. तेथील लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास, आयुर्मान पंचाहत्तरीजवळ आणि 2019 सालचा अर्भक मृत्युदर 6, म्हणजे श्रीलंकेच्या पंक्तीतला. मग शेजारी देश हे मोजमाप किती कामाचे?

दुसरे असे की भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम एक पंचमांश मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले असते. बाकीच्यांची कारणे नमुना पाहणीत घरच्यांना विचारून ठरवली जातात, त्यामुळे कारणवार आकड्यांपुढे ‘सुमारे’ हा शब्द जरूर लिहा.

खाडीकाठचा मास्तर (देवगड)

सर्वांचा आभारी आहे. ढोबळ दराचा तक्ता काढून टाकण्याऐवजी तोच सुरुवातीला ठेवतो आणि त्याच्या शेजारी रत्नागिरीचे उदाहरण देतो. सुरुवात 1946 पासून करीन. केरळचा रकाना वाढवला आहे. कीटकनाशकांचे मात्र स्वतंत्र पान करावे लागेल, कारण बैठकीला येणाऱ्यांत निम्मे बागायतदार आहेत.